आखाडातली हॅट

आमच्या भिशीत निघालेली चिठ्ठी बदलून मिळत नाही. घरी लग्न असो, जावेचं ऑपरेशन असो, नंबर लागला की लागला. त्यामुळं यंदाच्या आखाड पार्टीला 'जुन्या विलायती हॅटा' अशी थीम ठरली आणि कुणी कुठल्या सालातली हॅट घालायची याच्याही चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, तेव्हाच मला घाम फुटला. थीम खजिनदारबाईंच्या लेकीची. ती फॅशन डिझायनिंग शिकते आणि सुट्टीला आली की आमच्यावर प्रयोग करते.

मला निघालं १९२५. म्हणजे क्लोश हॅट. घंटेच्या आकाराची, कपाळ झाकून थेट भुवयांपर्यंत उतरणारी, मागं मानेला लागून बसणारी लोकरी फेल्टची टोपी. ती डोळ्यांवर यायची म्हणून त्या काळच्या बायका हनुवटी वर करून, नाकाच्या शेंड्यावरून जगाकडं बघत चालायच्या. एवढा तोरा मला जमला असता. अडचण केसांची होती. तिकडं त्या सुमाराला बायकांनी केस कानापर्यंत कापून टाकले होते, काही जणींनी तर मानेवर पुरुषांसारखा बारीक कट मारला होता. त्यामुळं त्या टोपीत केसांसाठी जागा सोडण्याची कुणाला गरजच वाटली नाही. माझे केस कमरेच्या खाली येतात.

आणि समोरच्या वहिनी, ज्यांनी नुकताच हौसेनं बॉबकट केलाय, त्यांना निघालं १९०८! त्या वेळच्या हॅटा खांद्याएवढ्या रुंद, वर पिसं, फुलं, कधी कधी अख्खा पेंढा भरलेला पक्षी. कपाळापासून फुगवत नेलेल्या केसांच्या डोंगरावर त्या टेकलेल्या असत. वहिनींकडं डोंगर सोडा, उंचवटासुद्धा नव्हता. मी म्हटलं, आम्ही दोघी आपसात बदलून घेतो. खजिनदारबाई म्हणाल्या, "आज हॅटची चिठ्ठी बदलशीला, उद्या पैशाची."

कोल्हापुरात हॅट मिळणं मात्र अवघड नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथंच निघाली. १९३३ ला ती पुण्याला गेली (हे आम्ही अजून विसरलेलो नाही), पण शूटिंगचा नाद गावातच राहिला. ड्रेपरीवाल्याकडं मावळ्यापासून मडमेपर्यंत सगळ्यांचा पोशाख भाड्यानं मिळतो. आमच्या ड्रेपरीवाल्यानं माळ्यावरचं पोतं उपसून एक तपकिरी क्लोश काढली, मांडीवर आपटून झटकली आणि माझ्या शेपट्याकडं बघून म्हणाला, "वहिनी, तेल लागलं तर डिपॉझिट इसरायचं. फेल्ट तेल पितंय."

घरी आरशासमोर बसले. डोक्याच्या मध्यावर अंबाडा घालून हॅट ठेवली, तर शिगोशीग भरलेल्या डब्यावर झाकण ठेवावं तशी ती वरच राहिली. अंबाडा मानेवर उतरवला, तर हॅटची मागची कड त्याच्यावर चढली आणि पुढची नाकावर आली. केस मोकळे सोडले, तर खालून केस आणि वरून टोपी यांच्यामध्ये मी कुठं आहे हेच कळेना.

"त्यापेक्षा फेटा बांध की," आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

बोलणं खोचक होतं, पण मला त्यावरूनच सगळं उमगलं. फेटा बांधणारा समोरचं डोकं बघतो आणि कापड त्याच्याभोवती फिरवत जातो. टक्कल असो, जटा असोत, टाळूवर टेंगूळ असो, फेटा सगळ्यांना पोटात घेतो. हॅट आधीच तयार होऊन बसलेली असते. डोकं तिच्या मापाचं करून आणायचं ते आपण! जुन्या फोटोत आपल्याला हॅट दिसते, पण खरी कारागिरी तिच्याखाली असते, आणि ती करणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही.

आमच्या घरात अशी बाई आहे. सासूबाई माझा तमाशा दारातून बघत होत्या. "सर हिकडं, मी घालतो तुझं केस," म्हणाल्या. (कोल्हापूरच्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) त्यांनी मधोमध भांग पाडला. पुढचे केस कानांवरून सैल ओढून घेतले, लांबून बॉब वाटावा इतपत. मागच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घातल्या आणि त्या डोक्यामागं आडव्या, एकीशेजारी एक पसरून आकड्यांनी टाळूला चापून टाकल्या. "जाडी एका जागी गोळा हू द्यायची न्हाई. पदराखालनं अंबाडा वर आला की आमची सासू बोलायची." पॅरिसमध्ये काय शिकवतात मला माहीत नाही, पण याहून वेगळं काही असेल असं वाटत नाही.

तरीही हॅट बोटभर आवळ. त्यावर उपाय म्हणजे वाफ. गरम वाफेनं फेल्ट मऊ पडतं आणि गार होताना ज्यावर चढवाल त्याचा आकार धरतं. हॅटवाले ते लाकडी ठोकळ्यावर ताणतात. आमच्याकडं ठोकळा नव्हता, कळशी होती. वाफ भाताच्या कुकरची घेतली, मटणाचा कुकर कटाक्षानं टाळला. आता राहिलं तेल. केस चापून बसवायचे तर तेलाशिवाय सासूबाई हात लावेनात. म्हणून हॅटच्या आतल्या पट्टीवर जुन्या धोतराची सुती पट्टी टाचली. डिपॉझिट वाचलं, असं मी मनाशी धरलं.

मग वहिनी रडवेल्या होऊन आल्या. १९०८ च्या बायकांकडं तरी एवढे केस कुठून यायचे? त्या कंगव्यात अडकलेले केस झाकणाच्या एका भांड्यात साठवायच्या, त्यांची उशी करायच्या आणि स्वतःच्या केसांखाली घालायच्या. हे ऐकल्यावर सासूबाई काही न बोलता ट्रंकेकडं गेल्या आणि लग्नातलं गंगावन घेऊन आल्या. त्याची वळी करून वहिनींच्या कपाळावर बसवली, वरून त्यांचे होते तेवढे केस पांघरले. हॅट चढली. ती राहायला हॅटपिन हवी. ही पिन हॅटमधून शिरते, केसांच्या फुगवट्यातून जाते आणि पलीकडून हॅटबाहेर निघते. पूर्वी या पिना इतक्या लांब असत की गर्दीत शेजाऱ्याच्या गालात घुसायच्या. शिकागोत १९१० साली टोक अर्ध्या इंचापेक्षा जास्त बाहेर दिसता कामा नये असा नियमच झाला. वहिनींनी स्वेटर विणायची सुई घातली आणि टोकाला खोडरबर लावलं. केएमटीच्या बसमध्ये त्यांना लगेच जागा मिळाली म्हणे.

मी रिक्षा केली. बाहेर पाऊस, आत मी हनुवटी वर करून. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं आणि विचारलं, "शूटिंग कुठं हाय?"

"शूटिंग नाही, आखाड आहे."

पुढं तो बोलला नाही. मीटरकडंही बघितलं नाही.

हॉलमध्ये १९४५ वाली भेटली. तिनं चिमुकली तिरकी हॅट घातली होती आणि तिचं इलास्टिक हनुवटीखालून घेतलं होतं, त्यामुळं ती बालवाडीच्या स्नेहसंमेलनातून पळून आल्यासारखी दिसत होती. ते इलास्टिक मागं, केसांच्या खालून घ्यायचं असतं, हे मी तिला सांगितलं. १९६१ वालीचं मात्र नशीब. जॅकलीन केनेडी नवऱ्याच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या शपथविधीला जी पिलबॉक्स घालून गेल्या, तसली तिची हॅट. केस उलटे विंचरून फुगवायचे आणि डोक्याच्या मागच्या अंगाला ती डबीएवढी टोपी टेकवायची, झालं. ती पार्टीभर हसत होती. तिच्याशी मी अजून नीट बोलत नाही.

जेवायची वेळ झाली तेव्हा मी हॅट काढायला हात वर नेला. खजिनदारबाईंची लेक किंचाळली. घरात शिरताना टोपी काढायची ती पुरुषांनी, बायका हॅट घालूनच बसायच्या. पिना काढल्या तर केसही सुटणार, मग काय करतील बिचाऱ्या? वहिनींच्या पिसांसाठी पंखा बंद ठेवलेला. समोर तांबडा, पांढरा आणि सुकं. पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावायची तर मान मागं न्यावी लागते. मान मागं नेली की हॅटची मागची कड मानेवर आपटायची आणि पुढची डोळ्यांवर यायची. अख्खा पांढरा मी अंदाजानं प्यायले. तांबड्याला मग अनुभव गाठीशी होता.

दुसऱ्या दिवशी हॅट परत केली. ड्रेपरीवाल्यानं ती उलटी केली, धोतराची पट्टी उसवली, आत बोट फिरवून नाकाला लावलं. तेलाचा ठिपका नव्हता. मी विजयी मुद्रेनं हात पुढं केला. त्यानं हॅट सुलटी केली आणि पुढच्या कडेवर बोट ठेवलं.

"ह्यो तांबडा कट कसला?"

मी गप्प. त्यानं हॅट पुन्हा नाकाजवळ नेली, या वेळी जरा जास्त वेळ.

"रस्सा कुणी केलता?"

"सासूबाईंनी."

त्यानं डिपॉझिटातले अर्धे कापले, उरलेले मोजून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "म्हातारीला म्हणावं, पुढच्या टायमाला डबा धाडा, अर्धंबी कापणार न्हाई."