राज्यसभेचे बारा वाजले त्या रात्री

सकाळी फेसबुकने मेमरी वर आणली. मीच टाकलेलं स्टेटस, "लाज वाटते या संसदेची", पुढे चार उद्गारचिन्हं, अकरा लाइक. तारीख ३० डिसेंबर २०११ दाखवतंय कारण टाकलं तेव्हा बारा वाजून गेले होते, पण माझ्या डोक्यात ती रात्र २९ चीच आहे. लोकपाल बिल, म्हणजे मंत्री-अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करणारी स्वतंत्र संस्था आणायचं बिल, राज्यसभेत लटकलं ती रात्र. आज वाचलं आणि आधी स्वतःचंच हसू आलं, मग वाटलं नाही, यावर नीट लिहायला पाहिजे, कारण त्या स्टेटसमधलं एक वाक्य मला आता मान्य नाही आणि का नाही ते सांगायला चौदा वर्षं लागली.

तेव्हा मी पुण्यात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एमपीएससीचा अभ्यास (म्हणजे दिवसा अभ्यासिका आणि रात्री चहा). ऑगस्टमध्ये अलका टॉकीजच्या चौकात "मी अण्णा हजारे"ची टोपी घालून घसा बसेपर्यंत ओरडलेलो. लोकपालासाठी दिल्लीत रामलीला मैदानावर चाललेलं उपोषण संपवायला पंतप्रधानांचं पत्र घेऊन अण्णांकडे कोण गेलं होतं आठवतंय का, आपले विलासराव देशमुख. त्याच दिवशी, २७ ऑगस्टला, दोन्ही सभागृहांनी तीन गोष्टी तत्त्वतः मान्य केल्या होत्या, नागरिकांची सनद, खालचे सरकारी कर्मचारी लोकपालाच्या कक्षेत, आणि प्रत्येक राज्यात लोकायुक्त (म्हणजे राज्यापुरता लोकपाल). तिसरी गोष्ट लक्षात ठेवा, सगळी गाडी पुढे तिथेच अडकली.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन खास तीन दिवस वाढवलं, २७, २८ आणि २९. २७ ला रात्री लोकसभेत बिल पास झालं. लोकपालाला घटनात्मक दर्जा द्यायची दुरुस्ती मात्र पडली, दोन तृतीयांश जमले नाहीत. इकडे अण्णा मुंबईत एमएमआरडीए मैदानावर उपोषणाला बसलेले, ताप अंगात, समोर गर्दी विरळ, २८ ला उपोषण सोडलं. म्हणजे २९ तारखेला राज्यसभेत चर्चा सुरू झाली तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, की रस्ता रिकामा झाला की संसदेतल्या लोकांचे खांदे कसे सैल पडतात.

आमच्या खोलीत टीव्ही नव्हता. मेसच्या काकूंच्या पुढच्या खोलीत होता. राज्यसभा टीव्ही तेव्हा नवाच, चार महिनेच झाले होते सुरू होऊन. काकूंना संध्याकाळच्या मालिका सोडायच्या नव्हत्या, पण आम्ही चौघांनी इतकं गयावया केलं की शेवटी म्हणाल्या, बसा, पण जेवणं झाली की भांडी घासायला एकाने यायचं. मी गेलो. त्यामुळे रात्री नऊ ते साडेनऊचं भाषण मी मोरीतून ऐकलंय, हातात कुकर.

दिवसभर चर्चा खरं तर चांगली झाली होती, हे आज कुणी सांगत नाही. काँग्रेसकडून अभिषेक मनु सिंघवी बोलले. (गंमत बघा, "लोकपाल" हा शब्दच त्यांच्या वडिलांनी, एल. एम. सिंघवींनी, १९६३ मध्ये काढलेला. घरातल्या शब्दावर घरातलाच माणूस बोलतोय आणि बिल लटकतंय.) विरोधी बाकावरून अरुण जेटली उभे राहिले, ते वकिलासारखंच बोलायचे, एक एक कलम घेऊन सालं काढत, सीबीआय कुणाच्या हातात, लोकपालाला नेमणारे कोण, काढणारे कोण. डाव्यांचे सीताराम येचुरी होते. आम्ही एमपीएससीवाले, त्यामुळे प्रत्येक मुद्द्याला कलम नंबर सांगायची हौस, हे कलम १०८, हे कलम २५३, एकजण वहीत लिहूनही घेत होता पूर्वपरीक्षेला येईल म्हणून. आलं नाही.

आता खरी मेख. काँग्रेसच्या यूपीए आघाडी सरकारकडे राज्यसभेत बहुमत नव्हतंच. त्यात तृणमूल हा सरकारातलाच पक्ष, पण लोकायुक्ताच्या प्रकरणावर तो अडून बसलेला, राज्याच्या कामात केंद्राने कायदा का करायचा म्हणून. भाजपचंही तेच म्हणणं, डाव्यांच्या वेगळ्या दुरुस्त्या, असं करत करत दुरुस्त्यांचा आकडा गेला १८७ वर. ज्यांनी कामकाज बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, दुरुस्ती म्हणजे नुसतं भाषण नसतं. एकेक दुरुस्ती सभापती मतांना टाकतात, आधी आवाजी हो-नाही होतं, आणि एकानेही "डिव्हिजन" मागितलं की घंटा वाजणार, लॉबी रिकामी करणार, दारं बंद होणार, प्रत्येकाने आपापल्या जागेवर जाऊन बटण दाबायचं, बोर्डवर आकडे येणार. सगळ्यांनी आपलं नाव लावून मत द्यायचं. १८७ वेळा नाही तरी पंधरा-वीस वेळा ते झालं असतंच आणि त्यातल्या काहींवर सरकार उघडउघड हरलं असतं.

बरं हरलं असतं तर बिल मेलं असतं का? नाही. राज्यसभेने बदल करून पास केलेलं बिल लोकसभेत परत जातं, तिथे मान्य करा किंवा नाकारा. पण टीव्हीवर हरताना दिसणं ही भीती वेगळीच असते.

रात्री अकरानंतर मंत्री व्ही. नारायणसामी उत्तराला उभे होते. मला त्यांचा चेहरा अजून आठवतो, पांढरा शर्ट, मान थोडी खाली, कागद हातात आणि चहूबाजूंनी गलका. आणि मग राष्ट्रीय जनता दलाचे राजनीति प्रसाद पुढे आले, मंत्र्यांच्या हातातली बिलाची प्रत घेतली, टराटरा फाडली आणि भिरकावली. चहाचा कप माझ्या हातात तसाच. लाल गालिच्यावर पांढरे तुकडे. आणि ध्यानात घ्या, राजद म्हणजे विरोधक नव्हे, सरकारला बाहेरून पाठिंबा देणारा पक्ष! म्हणून तर विरोधी बाकावरून लगेच ओरड झाली की हे सगळं ठरवून चाललंय. ठरवून होतं की नव्हतं ते मी सांगू शकत नाही, पण बारा वाजायला आलेले असताना गोंधळ हवा होता त्यांना तो आयता मिळाला एवढं दिसत होतं.

पवनकुमार बन्सल संसदीय कामकाज मंत्री होते, त्यांचं म्हणणं इतक्या दुरुस्त्या अभ्यासायला वेळ हवा. विरोधक म्हणाले रात्रभर बसू, आत्ता मतं घ्या. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः राज्यसभेचेच सदस्य, आसाममधून, समोरच्या बाकावर बसून, शांत. एक शब्द नाही. सभापती हमीद अन्सारी, त्यांनी ही परिस्थिती अभूतपूर्व आहे असं काहीसं म्हटलं आणि बाराच्या ठोक्याला सभागृह बेमुदत तहकूब. वंदे मातरम् सुरू झालं. तिकडे सगळे उभे, इकडे काकूही ओटा पुसायचं फडकं हातात घेऊन उभ्या. आम्ही चौघं गादीवर लोळत होतो ते धडपडत उठलो.

मग मी खोलीवर जाऊन ते स्टेटस टाकलं.

आता माझं म्हणणं. तेव्हा सगळा राग राज्यसभेवर निघाला. हे मागच्या दाराने आलेले, निवडणूक हरलेल्यांचं पुनर्वसन केंद्र, उद्योगपतींचा क्लब, बंद करा हे वरचं सभागृह, लोकसभेने दिलं होतं की पास करून! मीही हेच बोललो असणार. आज मला उलटं वाटतं. लोकसभेत ते बिल पास झालं कारण तिथे आकडा होता, आणि आकडा असला की कुणाच्या पोटात काय आहे ते बाहेर यायची गरजच पडत नाही. राज्यसभेत आकडा नव्हता म्हणून पोटातलं बाहेर आलं. सरकारला लोकपाल नको होता, मित्रपक्षांना लोकायुक्त नको होता, राजद आणि समाजवादी पक्षवाल्यांना काहीच नको होतं, आणि विरोधकांना बिल पास होण्यापेक्षा सरकार हरलेलं बघायचं होतं. २७ तारखेला झाकलेलं सगळं २९ ला रात्री उघडं पडलं. वरचं सभागृह असतं कशाला मग?

माझा आक्षेप घड्याळाला आहे. बारा वाजले, अधिवेशन २९ पर्यंतच होतं, सबब संपलं! नियमाचा कीस पाडणारे तेव्हाही होते, आमच्यातला तो वहीवालाच सांगत होता की मुदत वाढवायची तर सरकारने राष्ट्रपतींकडे जावं लागतं वगैरे. असेल. पण सरकारची इच्छा असती तर दुपारी चारलाच कळत होतं की हे बारापर्यंत आटपत नाही, आठ तास हातात होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये बघितलं ना, वक्फ दुरुस्ती बिल, ३ तारखेला सुरू झालेली राज्यसभा रात्री दोन वाजून गेले तरी बसलेली, १२८ विरुद्ध ९५ मतांनी बिल पास, वर मणिपूरच्या राष्ट्रपती राजवटीचा ठराव, आणि मंडळी पहाटे चारला उठली. बिल बरोबर की चूक हा भाग सोडा (त्यावर कमेंटमध्ये भांडू नका, प्लीज). कुणी म्हणेल ४ एप्रिल हा अधिवेशनाचा दिवस होताच, २०११ ला तसं नव्हतं. मान्य. पण जे सरकारला पास करायचंच असतं त्याला बारा वाजत नाहीत, हे एवढ्या वर्षांत मी कायम बघत आलोय, सरकार कुठलंही असो.

आणि राज्यसभेनेच पुढे ते बिल सांभाळलं हे तर आपण पार विसरलो. मे २०१२ मध्ये ते तिथल्या प्रवर समितीकडे (बिल तपासायला नेमलेली खासदारांची समिती) गेलं, सत्यव्रत चतुर्वेदी अध्यक्ष, समितीने तेच लोकायुक्ताचं हाड काढलं गळ्यातून, प्रत्येक राज्याने वर्षभरात आपापला कायदा करावा एवढंच ठेवलं. १७ डिसेंबर २०१३ ला राज्यसभेत पास, दुसऱ्या दिवशी लोकसभेत पास, राळेगणसिद्धीत अण्णांनी उपोषण सोडलं, केजरीवाल त्याला "जोकपाल" म्हणाले. कागद फाडण्याचा सीन शंभर वेळा दाखवला चॅनलवाल्यांनी, समितीच्या बैठकांचा कुणी एकदा दाखवला का? बिल पास झालं त्या दिवशी मी टीव्ही लावला नव्हता. मुख्य परीक्षेची धावपळ होती असं सांगू शकतो पण खरं कारण ते नाही, खरं कारण म्हणजे कंटाळा आला होता.

तसं बघायला गेलं तर राज्यसभेत लटकायची या बिलाला सवयच. पहिलं लोकपाल बिल १९६८ चं, लोकसभेने ६९ मध्ये पास केलं, राज्यसभेत पडून होतं तेवढ्यात लोकसभाच बरखास्त झाली आणि बिल गेलं. आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र १९७२ पासून लोकायुक्त आहे, ज्या गोष्टीवरून दिल्लीत कागद फाटला ती आपल्याकडे तेव्हा चाळीस वर्षांची होत आली होती आणि तुमच्यातल्या किती जणांना लोकायुक्तांचं ऑफिस कुठे आहे माहिती आहे सांगा. मलाही तेव्हा माहिती नव्हतं, टोपी घालून ओरडत होतो तरी.

कायदा झाल्यावर पहिला लोकपाल नेमायला २०१९ चा मार्च उजाडला. पुढे २०२२ पासून जवळजवळ दोन वर्षं पूर्णवेळ अध्यक्षाची खुर्ची रिकामी. आता २०२४ पासून न्या. अजय खानविलकर आहेत, जन्म पुण्याचा, मराठी माणूस म्हणून मला उगाच बरं वाटलं होतं. मग २०२५ च्या ऑक्टोबरात बातमी आली की लोकपालांनी सात बीएमडब्ल्यू गाड्यांचं टेंडर काढलंय. घ्या!

मी स्वतः आता सरकारी नोकरीत आहे, खातं सांगत नाही. खालचा कर्मचारी, म्हणजे ज्यांना लोकपालाच्या कक्षेत आणा म्हणून मी चौकात ओरडत होतो त्यातलाच. दरवर्षी मत्ता आणि दायित्वाचं विवरण भरतो. गावची अर्धा एकर, बायकोचं सोनं, गाडीचं कर्ज. भरताना दरवेळी ती टोपी आठवते.

काकू अजून आहेत. मेस बंद केली त्यांनी गुडघ्यांमुळे, पण मधे भेटायला गेलो होतो तर ती वही काढून दाखवली, त्या सगळ्या वह्या ठेवल्यात त्यांनी, कुणाचे किती खाडे, कुणाची किती उधारी. २९ डिसेंबर २०११ च्या पानावर माझ्या नावापुढे पाच चहा. त्यातला पाचवा आम्ही वंदे मातरम् झाल्यावर घेतलेला, सव्वाबाराला, आणि तेव्हा वहीवाल्याने काकूंशी वाद घातला होता की काकू आता तीस तारीख लागली, नवीन पानावर लिहा. काकू म्हणाल्या होत्या, मी अजून झोपले नाहीये, भांडी पालथी घातली नाहीयेत, कसली तीस?