‘पोरांना जाणीवच नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर. तुमचं म्हणणं असं : आईबाप कपाशीत राबतात, पोराला जळगावला क्लास लावतात, मोबाइल घेऊन देतात आणि तो काढून घेतला की पोरगं टोकाचं पाऊल उचलतं, कारण त्याला कष्टांची जाणीव नाही. शिवाय ‘जीव द्यायचा विचार येतो का, हे मुलाला थेट विचारा’ या माझ्या सल्ल्याने नसतं खूळ डोक्यात भरेल, आणि शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधं लपवणार तरी किती?

जाणीव हवीच. पण जीव द्यायच्या विचारापर्यंत आलेल्या कित्येक मुलांना ती इतकी असते की पेलवत नाही. ‘मी घरच्यांवर ओझं झालोय’ ही भावना आत्महत्येच्या मुख्य कारणांपैकी एक आहे, असं थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलं. आता आपल्याकडचं घरोघरीचं वाक्य बघा : ‘तुझ्या फीसाठी पडत्या भावात कापूस विकला.’ बरं चाललेलं पोर ते ऐकून अभ्यासाला बसेल. आतून खचलेलं पोर त्यातून एवढंच काढतं की मी नसतो तर यांचे पैसे वाचले असते. दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात तर हे वाक्य तोंडातून निघूच नये. पैशाचं बोलायचं तर सरळ हिशेब सांगा : कापसाचे एवढे आले, फी एवढी, म्हणून यंदा गाडी नाही. हिशेब मुलांना कळतो. उपकार फेडता येत नाहीत, म्हणून ते छातीवर बसतात.

कृतज्ञता शिकवायची तर सुरुवात मोठ्यांनी करावी, आणि नेमकी करावी. ‘शहाणा आहेस’ यात काही नाही. ‘तू गुरांना पाणी पाजलंस म्हणून मला बाजार गाठता आला,’ यात मुलाला आपण घराला लागतो हे कळतं. मात्र त्यामागे ‘पण अभ्यासाचं काय?’ जोडू नका, सगळं पुसलं जातं. ऊसतोडीला गेलेल्या किंवा आश्रमशाळेत मूल ठेवलेल्या आईबापांनी फोनवर आधी हे बोलावं, मार्क नंतर. रोज चांगल्या गोष्टींची यादी लिहायला लावणं वाईट नाही. एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात तशा यादीने विद्यार्थ्यांना थोडं बरं वाटलं होतं. पण तो खचलेल्या मुलावरचा उपचार नव्हे.

मोबाइल बहुतेकदा शेवटचं निमित्त असतो, त्यामागे बरंच साचलेलं असतं. काढून घ्यायचाच तर रागात हिसकावू नका, फोडू नका, चारचौघांत तर नाहीच. परत कधी मिळेल ते त्याच वेळी सांगा आणि त्या संध्याकाळी कोणीतरी घरी थांबा.

आता विचारण्याबद्दल. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार मनात रुजतो, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, झोप उडणं, खेळ सोडणं, ‘मी नसलो तर तुमचं बरं होईल’ असं बोलणं दिसलं की एकट्यात, शांतपणे विचारा : ‘बेटा, जगूच नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?’ उत्तर ‘हो’ आलं तर रडून-ओरडून घर डोक्यावर घेऊ नका आणि ‘माझ्या गळ्याची शपथ घे’ म्हणू नका. शपथेने विचार जात नाही, पुढच्या वेळी तो तुम्हाला सांगणं तेवढं बंद होतं. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही आहे. मग जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. काही प्यायल्याची शंका आली तर लगेच १०८, बाटली सोबत घ्या आणि उलटी करवू नका. पोलिसांच्या भीतीने वेळ घालवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानतं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर सोपवतं.

औषधं लपवायची नाहीत, कुलूपबंद करायची. मरायची ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळच टिकते. त्या वेळात हाताशी काही नसेल तर जीव वाचतो. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकं बंद केली आणि १९९५ नंतर तिथलं आत्महत्येचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तेव्हा एका फवारणीपुरतंच औषध आणा. उरलेलं मूळ डब्यातच ठेवा, थंड पेयाच्या बाटलीत ओतू नका. पत्र्याची पेटी घ्या, शक्यतो शेतातल्या खोलीत ठेवा. उंदरांचं औषध आणि धान्याची औषधंही त्यातच. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या घरातल्या कपाटात, कुलपाखाली. किल्ली एकाच मोठ्या माणसाच्या अंगावर असू द्या. देव्हाऱ्यामागे किंवा चौकटीवर नको, ती जागा घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असते.