टकटक करून राहिली

आमच्या घरात उन्हाळाभर दोन आवाज अखंड चालू असतात. एक कूलरचा आणि दुसरा, त्या कूलरमध्ये पाणी कुणी भरायचं यावरच्या वादाचा. त्यामुळे मार्चअखेरीला टेबलाखालच्या कॉम्प्युटरमधून तिसरा आवाज येऊ लागला, तेव्हा मी तो कूलरच्या पंपाच्या नावावर टाकून दिला. टक... टक... टक. जरा दम खाऊन पुन्हा टक. आई तर पहिल्या दिवशी पाल समजून 'कृष्ण, कृष्ण' म्हणाली. 31 मार्चला जगात 'बॅकअप दिन', म्हणजे कॉम्प्युटरमधल्या फायलींच्या जादा प्रती काढून ठेवायचा दिवस, पाळतात हे मला फार नंतर समजलं. आमच्याकडे मार्चअखेर म्हणजे टॅक्स.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, बाहेर 45 अंश आणि घरात कूलरमुळे दमट 35, अशा भर दुपारी लाइट गेली. दहा मिनिटांनी आली. पंखा सुरू झाला, कूलर सुरू झाला, फ्रीज घरघरला. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर मात्र पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली, की सुरू करण्याजोगं इथे काहीही सापडलं नाही. म्हणजे आतली हार्ड डिस्क, सगळं साठवून ठेवणारी डबी, गेली होती. अकरा वर्षांचा संसार होता त्यात. पोरीच्या बारशापासूनचे फोटो, घराच्या कागदांचे स्कॅन, आणि बाबांनी संक्रांतीला गच्चीवर 'ओ काट' म्हणून मारलेल्या आरोळीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. बाबा आता नाहीत.

शेजारचे काका बातमी ऐकून बनियनवरच आले. "अबे, फ्रीजरमधी ठेव रातभर. माह्या साळ्याची चालू झाली होती." बुडत्याला काडीचा आधार, म्हणून ठेवली. रात्री मटार काढायला गेलेल्या बायकोने ती पिशवीसकट माझ्यासमोर धरली आणि एकही शब्द न बोलता परत ठेवून आली. तो मौनाचा प्रकार विवाहित वाचकांना ठाऊक आहे.

सकाळी तोंडाला दुपट्टा बांधला, डिस्कलाही दुपट्टा बांधला आणि बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, गेलो. दुकानातल्या पोराने डिस्क वायरला जोडली, कानाशी नेली आणि डोळे मिटले. जुने वैद्य नाडी बघायचे तसे.

"भाऊ, हे टकटक कवापासून करून राहिली?"

"दोन महिने झाले असतील."

"मंग तुम्ही काय करून राहिले होते?"

"ऐकत होतो."

त्याने डोळे उघडले. मग फ्रीजरचं कळल्यावर ते इतके मोठे केले, की मी दुपट्टा पुन्हा तोंडावर ओढला. गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. हे दव आत, सगळं ज्यावर साठवतात त्या तबकडीवर धरलं, की उरलीसुरली आशाही गेली.

मग त्याने समजावलं. आतली तबकडी मिनिटाला 7,200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. हिशेब केला तर साडेतीन इंची डिस्कमधल्या तबकडीच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरात जातो. समृद्धी महामार्गावर कारला 120 ची परवानगी आहे, आणि ही बया माझ्या टेबलाखाली अकरा वर्षं त्याहून जोरात पळत होती. वर तिच्यावरून वाचणारं हेड जातं ते तबकडीला न टेकता, जेमतेम काही नॅनोमीटर अंतर राखून. आपल्या डोक्यावरचा एक केस पन्नास हजार नॅनोमीटरच्या पुढे जाड असतो. लाइट गेली तर फिरत्या तबकडीत उरलेल्या जोरावर मोटरच क्षणभर वीज तयार करते आणि तेवढ्यात हेड सुरक्षित जागी जाऊन बसतं. इतका शहाणपणा त्या डबीत. टकटक म्हणजे ते हेड बिचारं आपली जागा शोधतंय, सापडत नाही म्हणून परत येतंय, पुन्हा जातंय. अंधारात किल्लीचं भोक शोधणाऱ्यासारखं. त्या पहिल्या दिवशी फोटो उतरवून घेतले असते तर कदाचित निभावलं असतं. दोन महिने ते दार वाजवत होतं आणि मी पंपाला शिव्या देत होतो.

"आता उघडायची तर धूळ नसलेल्या बंद खोलीत उघडा लागते. अशाच मॉडेलची दुसरी डिस्क पाहा लागते, तिचं हेड हिला बसवाचं."

"म्हणजे अवयवदान?"

"हो नं. बाहेरगावी पाठवा लागन. बत्तीस हजार. गॅरंटी नाही."

त्याच्या पाटीवर मात्र 'खात्रीशीर' असं लिहिलं होतं. मी डिस्क उचलली.

येताना मी सगळा दोष नागपूरच्या उन्हावर ढकलायचं ठरवलं होतं. इथे कशाचाही दोष उन्हावर खपतो. पण रात्री वाचत बसलो तर गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये स्वतःच्या कंपनीतल्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास छापलेला निघाला. फार तापलेल्या आणि म्हाताऱ्या डिस्का सोडल्या, तर उष्णतेचा आणि मरण्याचा लोक समजतात तसा घट्ट संबंध त्यांना आढळला नाही. नागपूरच्या उन्हाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी निर्दोष सोडलं, तेही नेमकं माझ्या प्रकरणात. त्याहून वाईट पुढे होतं. डिस्कमध्ये स्वतःची तब्येत नोंदवणारी 'स्मार्ट' नावाची सोय असते. त्या अभ्यासात मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी तिच्यातल्या मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे पुष्कळशा न सांगता जातात. माझी तर सांगून गेली.

एक मात्र वाचलं. धाकट्या भावाच्या वरातीत मी नागीण डान्स केला होता, तो. जगातून नाहीसा व्हावा असं मला मनापासून वाटत होतं ते हेच, आणि त्याच्या प्रती सहा नातेवाइकांच्या फोनांत, दोन क्लाउडवर आणि साळ्याच्या पेनड्राइव्हमध्ये सुखरूप निघाल्या. बाबांच्या आरोळीची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने 3-2-1 असा नियम रूढ केला आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. हे मी जेवताना मोठ्या तोऱ्यात सांगत होतो. आई कैऱ्या फोडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "यात नवीन काय?"

मग माझ्या लक्षात आलं. आमचं लोणचं एक चिनीमातीच्या बरणीत असतं, एक काचेच्या, आणि तिसरं अमरावतीला ताईकडे. का, तर इथल्याला बुरशी आली तर वर्ष कसं काढायचं. तिच्या आणखी दोन अटी आहेत. एकीची पळी दुसरीत घालायची नाही, कारण बुरशी पळीवरून जाते. कॉम्प्युटरला सतत जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्क व्हायरसने मूळ डिस्कसोबतच कशी बुडते, हे मला समजायला आठवडा लागला होता. दुसरी अट, महिन्याला झाकण उघडून वास घेऊन बघायचा.

"तू उघडून पाहतोस का रे तुझं ते कधी?"

अजून नव्हतंच काही, तर उघडणार काय.

दुसऱ्या दिवशी दोन नव्या डिस्का आणल्या. जुन्या फोनांतून, मावश्यांच्या ग्रुपांतून, स्टुडिओवाल्याच्या सीडीतून जेवढं हाती लागलं तेवढं गोळा केलं. एक डिस्क टेबलावर, एक अमरावतीला, आणि तिसरी प्रत क्लाउडवर. मेलेली डिस्क दुपट्ट्यात गुंडाळून गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवली आहे. बत्तीस हजार जमले की तिला बाहेरगावी न्यायचं.

जूनमध्ये भाचा आला होता, त्याच्या पिशवीत आईने बरणी ठेवली आणि शेजारी जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली माझी डिस्क. संध्याकाळी ताईचा फोन आला.

"आई, लोणचं पोचलं. हे दुसरं काय पाठवलंस, कुठे ठेवू?"

"बरणीजवळच ठेव," आई म्हणाली. "आणि ओला हात लावू नको."