न खेळलेले सामने हरलेले धरू नका

कापणी आटोपली, मळे मोकळे झाले की आमच्या वेंगुर्ले तालुक्यात दोन गोष्टी सुरू होतात, जत्रा आणि टुर्नामेंट. यंदा मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी सुचवलं की जानेवारीत क्रिकेटच्या जोडीला एक दिवस मुलींच्या फुटबॉललाही देऊया. गावातल्या आठ-दहा पोरी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर खेळतातच, शेजारच्या दोन गावांतल्याही येतील. खर्च म्हणजे दोन बॉल, एक कप आणि सगळ्यांना वडापाव. मीटिंगमध्ये कोणी नाही म्हणालं नाही. आमच्याकडे 'नाही' समोर म्हणत नाहीत, ते रात्री व्हॉट्सॲपवर येतं.

आलं. 'भारतीय महिला फुटबॉलचं खरं चित्र' असा मथळा, वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' हा शिक्का. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर मला माहेरच्या ग्रुपवर मिळाला, मग शाळेच्या जुन्या ग्रुपवर. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले आणि म्हणाले, हे जरा मोठ्या अक्षरात काढून दे, मंडळाच्या बोर्डावर लावायचं आहे. पैसे घेतले, काढून दिलं. उत्तर मात्र इथे देते.

मजकूर थोडक्यात असा: पन्नास वर्षांत आशियात एक पदक नाही. 2025 मध्ये इतिहासात पहिल्यांदाच आशियाई चषकाला पात्र, तेही सोप्या गटातून. 2022 ला घरच्या मैदानावर एकही सामना न जिंकता माघार. चीनकडून 16 गोल खाल्ले. आता तर बांगलादेश आणि नेपाळसुद्धा हरवतात. वर्ल्डकप कधीच नाही. त्यापेक्षा पुरुषांच्या फुटबॉलकडे लक्ष द्या, मंडळाचे पैसे मुलींवर उधळू नका.

(देशभर फिरणाऱ्या मजकुरात 'मंडळाचे पैसे' कुठून आले, हे मी विचारत नाही. शेवटची ओळ घरगुती आहे, चव ओळखीची वाटते.)

आधी जे खरं आहे ते मान्य करते. महिलांचा फिफा वर्ल्डकप 1991 साली सुरू झाला, 2023 पर्यंत नऊ वेळा झाला आणि त्यात भारत एकदाही नव्हता. चीनचे 16 गोलही खरे, त्यावर पुढे येते. बाकी मुद्दे मात्र एकतर चूक आहेत, नाहीतर अर्धेच सांगितलेले आहेत.

आशियात एकही पदक नाही, हे पहिलंच वाक्य चूक. महिलांची आशियाई स्पर्धा, म्हणजे आजचा आशियाई चषक, 1975 साली हाँगकाँगला सुरू झाली. 1980 च्या जानेवारीत ती आपल्याकडे कालिकतला झाली. तेव्हा यजमान म्हणून भारताने चक्क दोन संघ उतरवले होते. त्यातला एक अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि चायनीज तैपेईकडून, म्हणजे तैवानकडून, 2-0 असा हरला. 1981 ला हाँगकाँगमध्ये भारत तिसरा. 1983 ला बँकॉकमध्ये पुन्हा उपविजेता, यजमान थायलंडकडून 3-0 ने पराभव. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉल खेळणाऱ्या बाईला मिळालेला तो पहिला अर्जुन. आणि हे सगळं दूर कुठेतरी बंगालात घडलं असं वाटत असेल तर सांगते, तेरेखोलची खाडी ओलांडली की सुरू होणाऱ्या गोव्याच्या योलांदा डिसोझा त्याच काळात भारताकडून खेळत होत्या.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. ती पदकं आजच्या मापाने मोजता येणार नाहीत. तेव्हा स्पर्धेला येणारे संघ थोडे होते आणि चीन त्यात नव्हताच. तो 1986 ला आला आणि आल्या आल्या जिंकायला लागला. म्हणजे '80 च्या दशकात आपण आशियात दुसरे होतो' असं छाती फुगवून सांगणाऱ्या फॉरवर्डलाही मी हेच उत्तर दिलं असतं. पण पदक छोटं असणं वेगळं आणि नसणं वेगळं.

दुसरा मुद्दा 'पहिल्यांदाच' हा. यात गंमत अशी आहे की कौतुक करणारेही हीच चूक करतात. वर सांगितलेल्या तीन स्पर्धा सोडा, 2003 च्या आशियाई स्पर्धेतही भारत होता. फरक इतकाच की तेव्हा पात्रता फेरी नव्हती, नाव दिलं की खेळायला मिळायचं. त्यानंतर पात्रता फेरी आली आणि आपण वीसेक वर्षं त्याच उंबरठ्यावर अडखळत राहिलो. 2022 ला यजमान म्हणून थेट जागा मिळाली. त्यामुळे 2025 चं बरोबर वर्णन असं: पात्रता फेरीतून, म्हणजे स्वतःच्या पायांनी, पहिल्यांदाच.

आणि 'सोपा गट'. मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0. हे सोपं होतं, कबूल. पण गटातून पुढे जाणार होता एकच संघ, आणि चौथा सामना होता थायलंडशी, त्यांच्याच चियांग माईत. थायलंड म्हणजे 2015 आणि 2019 असे दोन वर्ल्डकप खेळलेला संघ. फिफाच्या क्रमवारीत ते तेव्हा 46 वे, आपण 70 वे. तिघांना हरवून दोघांचे गुण सारखे, 9-9. आपण तोवर 22 गोल केले होते आणि एकही खाल्ला नव्हता. 5 जुलै 2025 चा तो सामना मी दुकानातल्या मोबाइलवर पाहिला, बाहेर आषाढाचा पाऊस, गिऱ्हाइक कोणी नाही. 29 व्या मिनिटाला संगीता बासफोरने लांबून फटका मारला आणि 1-0. मध्यंतरानंतर दोन मिनिटांत थायलंडची बरोबरी. इथे आपले संघ नेहमी ढेपाळतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. मी उठून चहा ठेवायला गेले, बघवत नव्हतं. 74 व्या मिनिटाला पुन्हा संगीताच, या वेळी डोक्याने. 2-1. पुढची पंधरा-वीस मिनिटं नेट दोनदा गेलं आणि माझा चहा ऊतू गेला. दोन वर्ल्डकप खेळलेल्या यजमानाला त्याच्याच घरी हरवणं ज्यांना सोपं वाटतं, त्यांनी आधी शेजारच्या गावाला त्यांच्याच मळ्यात अंडरआर्म क्रिकेटमध्ये हरवून दाखवावं, आणि पंचही त्यांचेच असू द्यावेत.

आता 2022. या मुद्द्यावर मला खरा राग आहे, म्हणून जरा लांबेन.

ती स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली. भारताचा पहिला सामना 20 जानेवारीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी, 0-0. जिंकायला हवा होता, संधी वाया घालवल्या, ते सगळं खरं. दुसरा सामना 23 जानेवारीला चायनीज तैपेईशी. त्या दिवशी आपल्या संघात कोरोनाचे इतके रुग्ण निघाले की नियमाप्रमाणे लागणाऱ्या 13 खेळाडूसुद्धा उभ्या करता येईनात. सामना झालाच नाही. नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणबरोबरची बरोबरीही रद्दबातल ठरली. म्हणजे त्या स्पर्धेत भारताच्या नावावर विजय नाही, पराभव नाही, बरोबरीही नाही. पाटी कोरी. फॉरवर्डमध्ये ती कोरी पाटी 'एकही सामना न जिंकता माघार' अशी वाचली गेली. शब्द खरे, अर्थ खोटा.

मला हे ओळखीचं आहे. मी नववीत असताना आमच्या शाळेचा मुलींचा फुटबॉल संघ जिल्ह्याला गेला होता. पहाटेची एसटी, आठ बूट अकरा जणींत. तिथे पोचलो तर मैदान मुलांच्या सामन्यांना दिलेलं. तीन वाजेपर्यंत बसलो, समोरच्या संघाच्या बाई कंटाळून मुलींना घेऊन परत गेल्या, आमची गाडी चुकू नये म्हणून आम्हीही निघालो. वर्षाच्या शेवटी अहवालात ओळ छापून आली: 'मुलींचा संघ पहिल्या फेरीत बाद.' बॉलला पाय न लावता आम्ही बाद झालो होतो.

भारतीय महिला संघाचा आलेख बघताना ही ओळ मला जागोजागी दिसते. 2009 मध्ये फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नाव गळालं, कारण दीड वर्षाहून जास्त काळ संघाला एकही आंतरराष्ट्रीय सामना मिळाला नव्हता. मुली हरल्या नव्हत्या, खेळल्याच नव्हत्या. ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातली, तेव्हा गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेला होता. तसाच परत आला. घोळ महासंघाच्या कारभाराचा, बंदी अकरा दिवसांत उठलीही, पण या मुलींची स्पर्धा गेली ती गेली. मुलींची राष्ट्रीय लीगसुद्धा 2017 च्या जानेवारीत पहिल्यांदा रंगली. मुलांच्या नॅशनल लीगनंतर वीस वर्षांनी.

याउलट खेळायला मिळालं तेव्हा काय झालं तेही बघा. 2019 च्या एप्रिलमध्ये ऑलिंपिक पात्रतेची दुसरी फेरी म्यानमारला होती. त्याआधी काही महिने संघाला सलग सामने मिळाले होते. इंडोनेशियावर 2-0, नेपाळवर 3-1, आणि यजमान म्यानमारशी 3-3. गुण सारखे झाले, आपण गोलफरकाने मागे राहिलो.

16 गोलांचं आता थोडक्यात. 1998, बँकॉक, आशियाई क्रीडा स्पर्धा, चीन 16 भारत 0. आपल्या संघाचा आजवरचा सर्वांत मोठा पराभव. समोर कोण होतं? 1996 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलेला आणि 1999 च्या वर्ल्डकपमध्ये अंतिम सामना अमेरिकेकडून फक्त पेनल्टीवर हरलेला चीन. जगातला दोन नंबरचा संघ आणि ज्यांना लीगही नव्हती अशा मुली. असा स्कोअर निवडायचाच तर 25 नोव्हेंबर 2021 चा का नको? मनाउसमध्ये ब्राझीलविरुद्ध आपण 6-1 ने हरलो, पण पहिल्याच मिनिटाला गोल खाल्ल्यावर आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणने बरोबरी केली. ब्राझीलच्या फोर्मिगाचा तो निरोपाचा सामना होता, सात वर्ल्डकप खेळलेली बाई. तिच्या निरोपाच्या दिवशी काही वेळ फळ्यावर 1-1 होतं. सहा गोल झाले हे मी लपवत नाही, फॉरवर्डवाल्यांनी तो एक लपवू नये.

बांगलादेश-नेपाळचा मुद्दा मात्र टोचणारा आहे आणि टोचायलाच हवा. महिलांची सॅफ स्पर्धा, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, 2010 ला सुरू झाली, पहिल्या पाचही वेळा भारत जिंकला: 2010, 2012, 2014, 2016, 2019. दक्षिण आशियाई खेळांत 2010, 2016 आणि 2019 ला सुवर्ण. ही रांग त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही, हे एक. पण 2022 आणि 2024 अशा दोन्ही वेळा सॅफचा चषक बांगलादेशाने नेला, आणि दोन्ही वेळा उपांत्य फेरीत आपल्याला नेपाळने घरी पाठवलं, दुसऱ्यांदा पेनल्टीवर. बांगलादेशही 2026 च्या आशियाई चषकाला पात्र झालाय. शेजारी पुढे गेले. त्यांनी मुलींना मैदानात उतरवलं म्हणून गेले. याच्यावरून आपल्या मुलींचा एक दिवस रद्द करावा, हा निष्कर्ष कुठल्या गणितात बसतो ते मला कळलेलं नाही.

आणि पुरुषांच्या फुटबॉलकडे लक्ष द्या म्हणे. दिलं की. 14 ऑक्टोबर 2025 ला गोव्यात फातोर्ड्याला, आमच्यापासून काही तासांवर, सिंगापूरने आपल्या पुरुषांना 2-1 ने हरवलं आणि 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. गावातले चौघे गाडी करून गेले होते, रात्री गप्प परत आले. त्यांच्यावर मी हसत नाही, मलाही वाईट वाटलं. फक्त पुढचा आशियाई चषक खेळणारा भारतीय संघ कोणता, एवढं बोर्डावर लिहून ठेवा.

तो चषक मार्च 2026 मधला, ऑस्ट्रेलियातला. गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. जपान 2011 चा विश्वविजेता, तिथे आपल्याला मार पडू शकतो, मी कोणालाही खोटी आशा लावत नाही. त्या दिवशीचा स्कोअर घेऊन नवा फॉरवर्ड येईल, हेही मला माहीत आहे.

काल संध्याकाळी किनाऱ्यावर गेले होते. ओहोटी लागलेली, ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट. पोरींनी एका बाजूला दोन झावळ्या रोवल्या होत्या, दुसऱ्या बाजूला रापणीची होडी हाच गोल. बॉलची शिवण दोनदा चांभाराकडून घातलेली, खारं पाणी पिऊन तो इतका जड झालाय की डोक्यावर घ्यायला कोणी तयार नाही. होडीवर बसलेले एक काका मला म्हणाले, "चेडवां फुटबॉल खेळान काय करतली?" मी काही बोलायच्या आत गोलमध्ये उभी असलेली माझी भाची ओरडली, "काकानू, पाय वर घेवा, गोल बसता तुमच्यामुळे!" काकांनी पाय वर घेतले. मग बराच वेळ बघत बसले, आणि एकदा बॉल होडीच्या कडेला लागून परत आला तेव्हा तो गोल की नाही यावर त्यांनीच वाद घातला.

परतताना तिला पहिल्या सामन्याची तारीख सांगितली. 4 मार्च, व्हिएतनामशी, पर्थला. तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"तेवा शिमग्याची सुट्टी असतली मां?"