मातीतून मॅटवर जायला किती दिवस लागतात?

एप्रिलमध्ये इथे बार्सिलोनात ऊन कोवळं असतं, तेव्हा आमच्या यवतमाळकडच्या दारव्हा तालुक्यातल्या काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात. याच दिवसांत युरोपात लाल मातीवरच्या टेनिसचा हंगाम रंगतो. आधी मोंटे कार्लो, मग बार्सिलोना, माद्रिद, रोम, आणि मेअखेरीस पॅरिसची फ्रेंच ओपन. ऑफिसात जेवताना दुसरा विषय नसतो. कोण फॉर्मात आहे, कोण संपला. मी ऐकत असतो, पण डोक्यात आमच्या गावचा पार असतो.

माझा पुतण्या अठरा वर्षांचा आहे. तो चढाईला निघाला की गावातले पोट्टे हातातलं काम टाकून मैदानावर येतात. जिल्ह्याच्या कबड्डी निवड चाचणीत तो पहिल्या दोन्ही चढायांत पकडला गेला आणि घरी परतला. ‘काका, मले त मॅटवर पायच सापडला नाही,’ एवढंच फोनवर बोलला. मॅटवर, म्हणजे मैदानावर अंथरलेल्या फोमच्या गादीवर, तो जन्मात पहिल्यांदा उतरला होता, तेही मित्राचे बूट घालून.

तेव्हापासून पारावर दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, पोट्ट्यात दमच नाही, गावापुरता वाघ आहे. दुसऱ्याचं म्हणणं, मातीचं मैदान मोडा, सिमेंट टाका, मॅट आणा. मातीत खेळून कोण पुढे गेलं? दोन्हीकडची माणसं माझीच आहेत. दोन्ही चुकताहेत, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या तटासाठी टेनिसमधला तीन वर्षांचा हिशेब सांगतो. 2022 मध्ये स्पेनचा राफेल नदाल माद्रिदला उपांत्यपूर्व फेरीत हरला. रोममध्ये त्याच्याही आधीच्या फेरीत हरला, आणि पायाच्या दुखण्याने लंगडत बाहेर पडला. त्यानंतर पॅरिसला त्याने चौदावं विजेतेपद जिंकलं. 2023 मध्ये सर्बियाचा जोकोविच मोंटे कार्लो, बोस्नियातलं बान्या लुका आणि रोम, तिन्हीकडे हरला, माद्रिदला गेलाच नाही, पॅरिस त्याचंच. 2024 मध्ये हात दुखावलेला स्पेनचा अल्काराझ मोंटे कार्लो, बार्सिलोना, रोम काहीच खेळला नाही, माद्रिदला रशियाच्या रुबलेवकडून हरला. तरी पॅरिस त्यानेच जिंकलं. लागोपाठ तीन वर्षं, आधीचे निकाल पाहून कुणी शिक्का मारला असता तर तिन्ही वेळा चुकला असता. आधीचे निकाल नेहमीच खोटे ठरतात असंही नाही. 2025 मध्ये अल्काराझने मोंटे कार्लो आणि रोम जिंकलं, मग पॅरिसही. पण तिथेही अंतिम सामना 5 तास 29 मिनिटं चालला, आणि इटलीच्या सिनरविरुद्ध तीन मॅच पॉइंट, म्हणजे हरायला एकच गुण उरलेले तीन क्षण, वाचवून तो जिंकला.

हे असं का होतं ते पायांत आहे. मार्चअखेरपर्यंत हे खेळाडू अमेरिकेत कडक कोर्टवर खेळतात. तिथे पाय टाकला की तो थांबतो. लाल मातीवर, म्हणजे विटांच्या चुऱ्याच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर थरावर, पाय घसरतो आणि घसरता घसरताच फटका मारावा लागतो. चेंडू टप्पा पडल्यावर मंदावतो, वर उसळतो, एकेक गुण लांबत जातो. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंनाही ही सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून तर पॅरिसआधी दोन महिन्यांचा हंगाम आहे. अमेरिकेच्या पीट सॅम्प्रासकडे ग्रँड स्लॅमची, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची, चौदा विजेतेपदं होती, तरी पॅरिसला तो एका उपांत्य फेरीपुढे गेला नाही. त्याच्यात दम नव्हता असं कोण म्हणेल?

आमच्या पोराचं उलटं झालं. मातीत अनवाणी पाय थोडा सरकून रुततो. मॅटवर बुटाचा तळ चिकटतो, वळताना गुडघ्यावर ताण येतो. नदालला दोन महिने मिळायचे, माझ्या पुतण्याला दोन चढाया मिळाल्या. टेनिसवाल्यांकडे पैसा आहे, फिजिओ आहे, हे मला ठाऊक आहे. कापसाच्या वावरात राबून संध्याकाळी खेळणाऱ्या पोराकडे यातलं काही नाही, म्हणून त्याला सरावाचे दिवस जास्त हवेत.

आपण तर शेतकरी माणसं. मृगाची पहिली सर आली म्हणून आपण पेरत नाही; 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल जाईस्तोवर थांबतो, नाहीतर दुबार पेरणी ठरलेली. वावरात जो धीर धरतो, तो पोराच्या बाबतीत का सुटतो?

दुसऱ्या तटाला माझं सांगणं वेगळं आहे. मॅट हवीच, कारण निवड मॅटवर होते. तालुक्याच्या ठिकाणी एक मॅट ठेवा आणि चाचणीआधी महिनाभर खेड्यांतल्या पोरांना तिच्यावर खेळू द्या. पण त्यासाठी गावचं मैदान बुजवू नका. इथे बार्सिलोनातल्या टेनिस क्लबात माणसं रोज कोर्टला पाणी मारतात, जाळी ओढून माती सारखी करतात, आणि त्यात त्यांना कुठलाही कमीपणा वाटत नाही. आमच्याकडे गाळलेली माती अंथरून, पाणी शिंपडून मैदान करणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्या हातचं शिकून घ्या.

पुतण्याला सांगितलंय, स्कोर पाठवू नको, पायांचे व्हिडिओ पाठव. काल पहिला आला. दारव्ह्याला कुणाच्या तरी ओळखीने त्याला तासभर मॅट मिळाली होती. उजवा पाय अजून अडकतो, पण डावा वळायला लागलाय.