आधी लोगो, मग गूळ

भावा, स्टार्टअप काढायचंय ना? मग गिऱ्हाईक शोधायच्या भानगडीत पडू नकोस. ती कोल्हापुरातल्या शाहूपुरीतल्या गूळ-अडत्यांची जुनी खोड. शाहू महाराजांनी १८९५ साली पेठ वसवून दिली, तेव्हापासून ते बिचारे माल बघतात, सौदा करतात, पैसे मोजतात. आपलं तसं नाही. आपण आधी लोगो करायचा.

मी केला होता. उसाच्या कांड्यातून रॉकेट उडतंय. हिरवा रंग पोपटी हवा की गर्द, यावरून माझं आणि भागीदाराचं तीन दिवस बोलणं बंद होतं. गूळ अजून कुठून आणायचा हेच ठरलं नव्हतं, तरी खोके हजार छापून घेतले. हजाराला दर कमी पडतो म्हणे.

मग प्रायव्हेट लिमिटेडच काढ. एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट चुकत नाही, आणि वर्षाचे फॉर्म भरायला उशीर झाला की एकेका फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये लागतात. धंद्यात रोज पैसा हलला पाहिजे असं जुनी माणसं म्हणतात. हा हलतोच, फक्त आपल्या खिशातनं. लहान धंद्याची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, पण फुकटच्या गोष्टीला किंमत नसते, म्हणून मी ती एजंटाकडून दोन हजारांत करून घेतली.

भांडवल मामांकडून आण. त्याला सीड राउंड म्हणायचं. माझे मामा अजून लग्नाकार्यात भेटतात, ‘बरं हाय न्हवं?’ एवढंच विचारतात आणि पंगतीत बरोबर माझ्या समोर बसतात.

अनुभवी उद्योजकांचं जरूर ऐक, पण स्टेजवरच्यांचं. ‘अपयशाला मिठी मारा’ असं सांगणाऱ्याच्या घरचं अपयश आपल्याला दिसत नसतं, त्यामुळे ऐकायला बरं वाटतं. चुकूनही उद्यमनगरात, त्या कारखान्यांच्या वस्तीत, जाऊ नकोस. मी गेलो होतो. ओळखीच्या एका काकांचा लेथ आहे तिथं. शर्टाच्या खिशात रबर लावलेली डायरी, हाताला कटिंग ऑइलचा वास. माझं प्रेझेंटेशन चालू असताना ते एका बुशला व्हर्नियर लावून बघत होते. मान वर न करता विचारलं, “माल घेणार कोण? पैसे देणार कवा? आणि न्हाई दिले तर?” मी म्हटलं, काका, तुम्हाला व्हिजनच नाही. “आसंल,” म्हणाले आणि मशीन चालू केलं.

गुऱ्हाळावरही फिरकू नकोस. तिथला गुळव्या उकळत्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो आणि सांगतो, झाला का नाही. ना थर्मामीटर, ना ॲप. हे आपण बदलून टाकणार होतो. त्यानं मला एवढंच विचारलं होतं, “पावसाळ्यात ठेवणार कुठं?” मी हसलो. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्याची कसली काळजी!

जुलैत लाँच केलं. (गुऱ्हाळं एप्रिलच्या आसपास थंडावतात, म्हणजे आपल्याला स्पर्धाच नाही, असा आमचा अभ्यास होता.) इथल्या पावसाळ्यात गूळ हवेतला ओलावा ओढतो, त्याला पाणी सुटतं. खोका पुण्याला पोचेपर्यंत तळाला काकवी झालेली असायची. एका बाईंनी फोटो पाठवला: रॉकेट अर्ध्यापर्यंत भिजलेलं, त्यावर मुंग्यांची रांग. आम्ही त्याला फीडबॅक म्हटलं आणि ॲपचा रंग बदलला.

उधारी मात्र मनसोक्त दे. एका दुकानदारानं चाळीस खोके ठेवून घेतले. २००६ च्या लघुउद्योगांच्या (एमएसएमई) कायद्यानुसार आपल्यासारख्या लहान उत्पादकाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, हे मी त्याला कलम वाचून दाखवलं. त्यानं चहा मागवला. गणपती झाले की देतो म्हणाला. कुठले गणपती, हे विचारायचं माझ्याकडून राहिलं.

हल्ली मी काकांकडं हिशेब बघायला जातो. पगार सात तारखेला, रोख.

हां, खोके सहाशे उरलेत, माळ्यावर आहेत. तुझ्या स्टार्टअपला चालतील. रॉकेटवर तुझा स्टिकर लाव, पुठ्ठा पाच पदरी आहे. कधीही येऊन घेऊन जा. पैसे मात्र आधी.