पाणी किती फूट झालं ओ?

कोल्हापुरात पावसाळा कसा घालवावा याचं मार्गदर्शन कुठं छापील मिळत नाही, म्हणून हे चार शब्द.

सर्वांत आधी पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. दर तासाला विचारायची, मध्यरात्री उठूनसुद्धा. इशारा 39 फूट, धोका 43 फूट हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पाठ असतं. पाठ असलं की झालं. 36 ला "यंदा काय येत नाही", 39 ला "आता मजा", 41 ला भजी. 43 झालं की गाडी काढायची आणि सगळ्या कुटुंबाला घेऊन पाणी बघायला निघायचं. तळमजल्यावरचा फ्रीज आहे तिथं राहू दे.

ग्रुपवर 2019 चा शिरोलीजवळच्या हायवेचा व्हिडिओ टाकायचा आणि खाली लिहायचं, "आत्ताची परिस्थिती." कुणी तारीख विचारली तर "काळजीपोटी पाठवला" म्हणायचं.

राधानगरी धरणाचा दरवाजा उघडला की "कुणी उघडला रे?" म्हणून साहेबाच्या नावानं शंख करायचा. ते दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, एका दरवाज्यातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सुटतं, हे दर वर्षी पेपरात येतं. येऊ दे. ते पाणी भोगावती नदीतून शहरापर्यंत पोचायला काही तास लागतात. तेवढ्यात गाद्या, धान्य, कागदपत्रं आणि आजी, सगळं माडीवर जाऊ शकतं. पण मग स्टेटस कोण टाकणार?

पिण्याचं पाणी भरून ठेवू नका. चहूकडं पाणीच पाणी असताना कशाला? उपसा केंद्रं बुडून शहराचे नळ कोरडे पडलेले आपण 2019 ला बघितले, 2021 ला बघितले. तिसऱ्यांदाही बघू.

भिंतीवरची पुराची रेघ दिवाळीच्या रंगात पुसून टाका. दोन्ही वेळा पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, हे भाडेकरूला कळता कामा नये.

प्लॉट घ्यायचा तर निळ्या पूररेषेच्या आतच घ्या, स्वस्त पडतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा म्हणे! दोन वर्षांत दोनदा आला, म्हणजे आपला पन्नास वर्षांचा कोटा संपला. चार ट्रक मुरूम टाकून जमीन उचला. तुमच्या जागेतलं पाणी शेजाऱ्याच्या घरात जाईल, त्याचं तो बघेल. आणि तरीही तुमच्या दारात आलंच, तर कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहेच शिव्या घालायला. 519.60 मीटर हा त्याच्या पूर्ण भरल्या पातळीचा आकडा घोकून ठेवा, वजन पडतं.

आता मुख्य विषय, पूर पर्यटन. शिवाजी पुलावर गाडी आडवी लावायची. दोन्ही बाजूंनी लावली तर उत्तमच. पोराला कठड्यावर बसवायचं, मक्याचं कणीस घ्यायचं, वाहून येणाऱ्या ओंडक्याकडं बोट दाखवून किंचाळायचं. गेल्या पावसाळ्यात मी चिखलीहून मामांच्या म्हशी ट्रॉलीत घालून गावात आणत होतो. चिखलीचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, मागं अजून ट्रॅक्टर होते, कुणाच्या ट्रॉलीत बाळंतीण, कुणाच्यात पोती. आणि पुलावर ही जत्रा. हॉर्न वाजवला तर एक जण मागं न बघता म्हणतो, "जरा थांबा की काका, रील चाललंय." पावसात म्हशी बिथरलेल्या, एकीनं ट्रॉलीच्या फळ्या तोडायला घेतलेल्या, मामा तिच्या गळ्याला मिठी मारून उभे. त्यांचंही शूटिंग झालं. "मामा, इकडं बघा!" हवालदार शिट्टी फुंकून फुंकून दमला. त्यालाही एकानं सेल्फीत घेतलं. एकानं, एका माणसानंसुद्धा खाली उतरून गाडी बाजूला घेतली नाही.

ह्याला काय मार्गदर्शन करायचं? लाज विकून खाल्लीय तुम्ही. ज्या पाण्यात लोकांचं घर जातंय ते बघायला सहकुटुंब येता, कणसाची बुटकं त्याच पाण्यात टाकता आणि जाताना विचारता, "अजून चढंल काय ओ?" चढलं नाही तर तोंड पडतं तुमचं. 2019 ला याच पूरग्रस्त लोकांना होडीतून बाहेर काढावं लागलं होतं. तेव्हा चपात्या करून पाठवणारं कोल्हापूर हेच होतं, म्हणून जास्त राग येतो.

39 झालं की नदीकडची गाडी घरी लावा. सामान वर घ्या, दोन घागरी भरून ठेवा, शेजारच्या म्हातारीला विचारा कुठं जाणार आहे. बोलावलं तर हात लावायला या, नाहीतर पुलाकडं फिरकू नका. ट्रॅक्टरला रस्ता द्या.